हे खरे आहे काय?

काल सच्या कट्ट्यावर आला तोच मोबाईल नाचवत. भाऊंची रील. भाऊ म्हणजे आमचे आमदार, सच्याच्या घरात देव्हाऱ्यानंतर त्यांचाच फोटो. "बघा भो, दवाखान्याचा प्रश्न कसा हाणला सभागृहात!" मागे ढोल, मधेच वाघाची डरकाळी, आणि भाऊ कागदातून मान वर न करता वाचतायत.

बापू बशीतला चहा फुंकत होते. जिल्ह्याच्या एका हापिसात तीस वर्षं टेबल सांभाळलंय त्यांनी, अधिवेशन म्हटलं की अजून कपाळाला आठ्या पडतात. "तारांकित होता का रे?"

"फुल तारांकित!"

"मग उपप्रश्न काय टाकला?"

सच्या गप. त्याला वाटलं उपप्रश्न म्हणजे चिवड्यासोबत मिळणारा कांदा.

"अरे येड्या, छापील उत्तर अतारांकितालाही मिळतं. प्रश्नावर तारा असला की मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं, त्यावर तिथल्या तिथे उलटा सवाल, म्हणजे उपप्रश्न आला की घाम फुटतो. छापील उत्तराचं काय, ते मी लिहायचो."

"लोकसभेत रोज २० तारांकित, २३० अतारांकित," मन्या मधेच. एमपीएससीवाला, बटण दाबलं की आकडे पडतात.

"तू थांब. मंत्रालयातून एलएक्यू, म्हणजे आमदाराचा विधानसभेतला प्रश्न, सुटायचा तो एकेक पायरी उतरत थेट ज्याच्याविरुद्ध बोंब आहे त्याच्याच टेबलावर, आजच्या आज उत्तर पाठवा म्हणून. म्हणजे चोरालाच विचारायचं, चोरी झाली हे खरे आहे काय? तो लिहिणार, हे खरे नाही. पुढचा मुद्दा, असल्यास काय कारवाई केली? प्रश्न उद्भवत नाही. झालं, डबा उघडायला मोकळे."

"आणि अंशतः खरे आहे?"

"म्हणजे सगळं खरं आहे, पण साहेब रजेवर आहेत."

मी माझं मनगट पुढे केलं. मागच्या पावसाळ्यात गाडीवरून पडलो तेव्हा सरकारी दवाखान्यात एक्सरेचं मशीन होतं, प्लास्टिकचं कव्हर घालून, त्यावर कोणाचं तरी हेल्मेट, पण ते चालवणारा माणूस दुसरीकडे पाठवलेला, शेवटी प्रायव्हेटमध्ये गेलो.

"बघ," बापू म्हणाले, "याचं उत्तर येणार 'यंत्र उपलब्ध आहे'. एक अक्षर खोटं नाही! भाऊंनी विचारायचं होतं, गेल्या महिन्यात एक्सरेचे फोटो किती काढले. विधान परिषदेत आमदार बी. टी. देशमुख नियम आणि विकासाच्या अनुशेषाचे आकडे तोंडपाठ करून उभे राहायचे, तशांचं उत्तर लिहिताना पेन जड व्हायचं. भाऊंच्या प्रश्नाला मी डुलकी काढत लिहीन."

सच्या पेटला. "आमचे भाऊ पैसे घेऊन तरी प्रश्न विचारत नाहीत!"

हा विषय जळगावात काढायचा नसतो. २००५ ला पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदार घरी गेले त्यात दोघं आपल्याच जिल्ह्याचे. "१० लोकसभेचे, १ राज्यसभेचा," मन्या. त्याला कोणीतरी चापट मारली.

मग मीच सच्याकडे वळलो. "गेल्या हिवाळी अधिवेशनात भाऊंच्या गाडीतून नागपूरला जाताना आपण माझ्याकडून ५०० रुपये घेतले, हे खरे आहे काय?"

"अंशतः खरे आहे."

"किती अंश?"

"उपप्रश्नाला परवानगी नाही!"

बापूंना ठसका लागला, चहा नाकातून बाहेर. तेवढ्यात टपरीवाला आला, पाच कटिंगचे कोण देतंय?

सच्या गाडीला किक मारत ओरडला, "माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल!"