थकव्याच्या गोळ्या ‘कशाबरोबरही चालतात’? नाही चालत

मुंबईत परळ-लालबागच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘सतत थकवा येतो? लोह, कॅल्शियम, अश्वगंधा, बायोटिन सुरू करा. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्यांसोबत घेतलं तरी चालतं. चिठ्ठी लागत नाही, म्हणजे सुरक्षित. डॉक्टरांना विचारायची गरज नाही.’ मी लालबागला औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. लोक मोबाइल पुढे करून या बाटल्या मागतात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतोय.

सगळ्यात घातक वाक्य आधी: ‘सोबत घेतलं तरी चालतं.’

आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एक काकू आहेत. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी, कधी बदल नाही. मध्यंतरीच्या चिठ्ठीवर १००. “टीएसएच चढलाय म्हणे. आणि थकवा असा की करी रोड स्टेशनचा जिना चढवत नाही रे.” (टीएसएच चढला म्हणजे थायरॉइडचं औषध कमी पडतंय.) मी म्हटलं, काकू, गोळ्यांचा डबा दाखवा. सकाळच्या कप्प्यात थायरॉइडची बारीक पांढरी गोळी, तिला खेटून कॅल्शियमची जाडजूड गोळी आणि लोहाची कॅप्सूल. “तिन्ही एकदमच घेता?” “हो, नंतर विसरायला होतं.”

लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसं उतरत नाही. मध्ये किमान ४ तासांचं अंतर लागतं. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस ७५च ठेवला, लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री घ्यायला सांगितलं. ६ आठवड्यांनी तपासलं तर टीएसएच जागेवर. थकवा जावा म्हणून घेतलेल्या गोळ्यांनीच काकूंचा थकवा वाढवला होता. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचंही लोह-कॅल्शियमसोबत असंच होतं: कोर्स पूर्ण होतो, पण औषध हवं तेवढं लागू पडत नाही.

बीपीसाठी टेल्मिसार्टन घेणाऱ्याने पोटॅशियमची पावडर मनाने सुरू केली तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हृदयाची झडप बदललेली बरीच माणसं वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर असतात. मल्टिव्हिटॅमिनमधलं ‘के’ जीवनसत्त्व त्याचा परिणाम कमी करतं, आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो.

‘नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.’ डिजॉक्सिन हे हृदयाचं औषधच एका फुलझाडाच्या पानांतून मिळतं, आणि त्याचा डोस थोडा जास्त झाला तरी जिवावर बेततं. घरोघरी असणारा ज्येष्ठमध रोज जास्त प्रमाणात पोटात गेला तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, शिवाय ती थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते आणि झोपेच्या गोळीची गुंगीही. माझा आयुर्वेदावर राग नाही, माझी आजी काढ्यांवरच नव्वदीपर्यंत ठणठणीत होती. पण वैद्यांकडे जाल तेव्हा त्यांनाही तुमच्या चालू गोळ्या सांगा.

बायोटिन या जीवनसत्त्वाचं वेगळंच आहे. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि केसांसाठी मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. त्याने रक्ताचे रिपोर्ट चुकू शकतात. थायरॉइडचे आकडे भलतेच येतात. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते, आणि याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१७ साली इशारा दिला होता. छातीत दुखणारा माणूस ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी पाठवला जाणं किती भयंकर, विचार करा.

‘चिठ्ठी लागत नाही, म्हणजे सुरक्षित.’ चिठ्ठी लागत नाही, कारण कायद्याने यातली बरीच उत्पादनं अन्नात मोडतात. अशा बाटलीवर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती वाचा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेणारे लोक मी पाहिलेत. त्याने रक्तात कॅल्शियम साचतं आणि मूत्रपिंडं खराब होतात.

‘डॉक्टरांना विचारायची गरज नाही’ हे तर पूर्ण उलटं आहे. थकव्याचं कारण कित्येकदा चालू गोळ्यांतच असतं. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. थकवा येतो, पायाला मुंग्या येतात. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतली तरी तेच. बीपीच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळीनेही अंग गळून जातं.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे: कमतरता असेल तर पूरक गोळीने खरंच तरतरी येते. पण आधी तपासणी हवी. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

हे वाचून घाबरून चालू औषधं बंद मात्र करू नका. काही त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवा, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, तिथेही कळवा. पुढच्या वेळी औषधं घ्यायला याल तेव्हा घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, चूर्णं एका पिशवीत घालून आणा आणि काउंटरवर ओता. गर्दी असली तरी चालेल. आपण एकेक बघू.