‘संयुक्त म्हणता, मग अवयव दाखवा!’

सर, तुम्हाला दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं. म्हणून वेगळंच लिहितोय.

मी लिहिलं होतं की २ च्या १२७७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या नक्की संयुक्त आहे, म्हणजे दोन लहान संख्यांचा गुणाकार आहे, पण १ आणि ती स्वतः सोडून तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. त्यावर तुमचं म्हणणं : "तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. संयुक्त म्हणायचं तर अवयव दाखवा, नाहीतर माहीत नाही म्हणा. ही नुसती हवेतली बात." शिवाय संख्या ३८४ नव्हे, ३८५ अंकी आहे, हेही तुम्ही दाखवून दिलंत. ते अगदी बरोबर. लॉगॅरिदमने ३८४.४ आलं, मी पुढचं कापलं आणि एक मिळवायचा विसरलो. लेखात दुरुस्त केलंय.

मुख्य आक्षेप मात्र पटला नाही, आणि त्याचं उत्तर तुमच्याच वर्गात आहे. नवाचा ताळा तुम्ही शिकवलाच असेल : एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची. एखाद्या पोराने ३४७ × २८ = ९७२६ लिहिलं. ३४७ चा ताळा ५, २८ चा १, म्हणजे उत्तराचा ५ यायला हवा; येतो ६. हातचा कुठे चुकला ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही, तरी लाल फुली मारताना पेन अडखळत नाही ना?

इथेही तसंच. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७. ती मूळ, म्हणजे संयुक्त नसलेली, आहे का? ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा, २०४७ ने भागून फक्त बाकी ठेवा. घात ११, म्हणून पायऱ्या दोनने कमी, नऊ. शेवटी शून्य उरलं तर आणि तरच संख्या मूळ. मी कागदावर केलं : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ संयुक्त. आता तुम्ही म्हणाल, ती तर २३ × ८९ आहे. आहेच! पण वरच्या आकडेमोडीत २३ किंवा ८९ कुठे दिसले का?

(ताळ्याची तुलना एका जागी लंगडी पडते. पोराने अंकांची अदलाबदल करून ९७१६ ऐवजी ९७६१ लिहिलं तर ताळा जुळतो आणि चूक सुटून जाते. या कसोटीत तशी फट नाही.)

ही कसोटी ल्युका आणि लेमर या गणितज्ञांच्या नावाने ओळखतात. ल्युकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं की २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केलेली संख्या मूळ नाही. अवयव मात्र त्याच्याकडे नव्हते. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. कोल एक शब्द न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. मधली सत्तावीस वर्षं ती संख्या काय होती, सर? तुमच्या नियमाने "माहीत नाही". पण ल्युकाला माहीत होतं.

१२७७ ला पायऱ्या १२७५. कंप्युटर त्या चुटकीसरशी करतो, आणि बाकी शून्य येत नाही. अवयव शोधणं मात्र वेगळंच काम. प्रत्येक अवयवाला २५५४ ने भागल्यावर बाकी १ उरायलाच हवी, एवढं कळतं. पण ३८५ अंकी संख्येपुढे ती गाळणी काहीच नाही.

वेळ मिळाला तर घात १३ घेऊन बघा. संख्या ८१९१, पायऱ्या अकरा, आणि शेवटी शून्य यायलाच हवं. माझं पहिल्यांदा आलं नव्हतं. सातव्या पायरीला भागाकारात चुकलो होतो.