सांधे कोणी तपासायचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एकाच विषयाला वाहून न घेता केलेल्या नोकरीबद्दल मी जो लेख लिहिला, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला चार दिवस घेतले, कारण तिच्यातले काही मुद्दे मला खोडता येत नाहीत आणि खोडल्याचा आव मला आणायचा नव्हता. आपण १८ वर्षे इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करत आहात. आपले म्हणणे थोडक्यात असे की, चार क्षेत्रांत थोडे थोडे काम केलेला माणूस म्हणजे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’. स्वतःवर शस्त्रक्रिया करून घ्यायची वेळ आली की मीसुद्धा त्या विषयाचा तज्ज्ञच शोधेन. आणि माझा लेख वाचून एखाद्या तरुणाने निव्वळ कंटाळ्यापोटी आपला विषय सोडला, तर त्याच्या नुकसानीत माझाही वाटा असेल.

शस्त्रक्रियेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. काही शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयांत मोठ्या संख्येने होतात तेथे त्यातील मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे अमेरिकेतील रुग्णालयांच्या अभ्यासातून १९७९ मध्येच पुढे आले होते आणि गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांबाबत पुढच्या अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. हात एका कामावर बसलेला असणे, याला पर्याय नाही. मात्र रुग्ण त्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी त्याचे सगळे म्हणणे ऐकून घेतलेले असते, आणि थकवा व घटलेले वजन एवढीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाला नेमके कोणाकडे पाठवायचे हे ठरवलेले असते. हे काम इतके अवघड आहे की अमेरिकेत १९६९ मध्ये फॅमिली प्रॅक्टिसला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता देण्यात आली. संपूर्ण माणूस पाहण्यासाठीही वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा लागते, हे वैद्यकशास्त्राने तेव्हाच स्वीकारले, आणि माझ्या मूळ लेखात मी नेमके हेच स्पष्टपणे मांडायला हवे होते.

आता आपण वापरलेल्या म्हणीकडे येतो, कारण माझ्या मते सगळा वाद तिच्यातच आहे. त्या म्हणीचा रोख चिंध्यांच्या संख्येवर जितका आहे, त्याहून अधिक त्यांतली एकही धड नसण्यावर आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो की एखादे काम ‘धड’ येणे म्हणजे काय. डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघे मानसशास्त्रज्ञ तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेबद्दल अगदी विरुद्ध मते बाळगून होते. तरीही २००९ मध्ये त्यांनी एकत्र लिहिलेल्या निबंधात त्यांचे या गोष्टीवर एकमत झाले की अशा अंतःप्रेरणेवर विसंबायचे तर त्या क्षेत्रात पुरेशी नियमितता हवी आणि आपला निर्णय बरोबर ठरला की चूक हे माणसाला पुन्हा पुन्हा कळून त्यातून शिकण्याची संधी मिळायला हवी. या निकषात एकाच विषयात काढलेल्या वर्षांपेक्षा निर्णयाचा परिणाम परत येण्याला महत्त्व आहे. वीस वर्षे एकाच खुर्चीत बसूनही आपल्या निर्णयांचे पुढे काय झाले हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याचे काम धड नाही. आणि चार कामे केलेल्याने प्रत्येक ठिकाणी परिणाम हाती येईपर्यंत पाय रोवला असेल, तर त्याच्याजवळ चिंध्या नाहीत.

हाच निकष माझ्या बाजूच्या लोकांना फार कठोरपणे लागू होतो, हे मी लपवणार नाही. ब्रिटनमधील सनदी सेवेची पाहणी करणाऱ्या फुल्टन समितीने १९६८ च्या अहवालात जनरलिस्ट, म्हणजे एका विषयाचे तज्ज्ञ नसलेल्या, अधिकाऱ्यांवर जी टीका केली, तिच्यातला एक प्रमुख आक्षेप असा होता की हे अधिकारी फार लवकर लवकर एका कामावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यामुळे विषयाची पुरेशी जाण त्यांना येत नाही. तो आक्षेप मलाही लागू पडला आहे. माझ्या चार कामांपैकी खरेदी विभागातले काम मी १४ महिन्यांत सोडले. तेथे यंत्रांच्या देखभालीचा एक करार मी ठरवला होता. मूळ किंमत कमी दिसत असल्याने सुट्या भागांच्या दरांची अट मी ढिली राहू दिली, आणि तिचा भुर्दंड दोन वर्षांनी ज्या सहकाऱ्यांनी सोसला, ते मला तेव्हा ओळखतही नव्हते. हे मला नंतर योगायोगाने कळले. म्हणून खरेदीचा अनुभव माझ्या माहितीपत्रात असला तरी खरेदी मला येते असे मी म्हणत नाही.

याउलट लेखा विभागात मी सहा वर्षे होतो, आणि त्यांतली सहाही वर्षअखेर माझ्या अंगावरून गेली. पुढे मी सॉफ्टवेअरच्या चाचणीकडे वळलो, तेव्हा एका बिलिंग प्रणालीत दर महिन्याला थोडा फरक येत होता आणि तीन महिने त्याचा उलगडा होत नव्हता. डेटाबेस सांभाळणाऱ्यांचे म्हणणे होते की प्रत्येक नोंद बिनचूक आहे, आणि ते खरे होते. लेखापालांचे म्हणणे होते की त्यांची बेरीज बिनचूक आहे, आणि तेही खरे होते. फरकाची रक्कम महिन्याच्या पहिल्या तारखेला पहाटेपूर्वी झालेल्या व्यवहारांएवढीच असते, हे मला दिसले, ते केवळ महिन्याचे हिशेब ‘बंद’ करण्याचे काम मी स्वतःच्या हाताने केले होते म्हणून. डेटाबेस स्थानिक वेळेच्या मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ नोंदवत होता आणि लेखापाल स्थानिक वेळेने महिना बंद करत होते, त्यामुळे पहिल्या तारखेचे ते काही तास प्रणालीच्या हिशेबात मागच्या महिन्यात जात होते. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या विषयात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होते. चूक मात्र त्यांच्यापैकी कोणाच्याच विषयात नव्हती, ती दोन विषयांच्या सांध्यात होती.

आपल्या क्षेत्रातले याहून फार दुःखद उदाहरण आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये हयात रीजन्सी हॉटेलातले टांगते पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या मार्गापर्यंत अखंड लोखंडी दांडे होते. सुटे भाग तयार करणाऱ्यांनी सोयीसाठी त्यांचे दोन तुकडे सुचवले आणि त्यामुळे वरच्या मार्गाच्या सांध्यावरचा भार दुप्पट झाला. मूळ सांधाही नियमांच्या मानाने कमकुवतच होता, हे चौकशीत निघाले. बदल मंजूर झाला, पण त्या सांध्याचे गणित नव्याने कोणी केलेच नाही. ते गणित करायला आपल्यासारखाच तज्ज्ञ लागला असता, हे मी निक्षून सांगतो. मला ते आले नसते. पण ‘या सांध्याची जबाबदारी आता कोणाकडे आहे?’ असा प्रश्न बैठकीत उभा करणे हेही कोणाचे तरी ठरवून दिलेले काम असावे लागते, आणि ज्याने कागदाच्या दोन्ही बाजूंना काम केलेले असते त्याला तो प्रश्न लवकर सुचतो. माझा दावा एवढाच आहे, यापेक्षा मोठा नाही.

अशा माणसाला पगार कमी मिळतो असे आपण लिहिले आहे, ते बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. जाहिरातीत कामाचे नाव असते, सांध्यांचे नसते, आणि जनरलिस्ट माणसाचा उपयोग त्याच्याबरोबर काम केल्याशिवाय कोणाला दिसत नाही. म्हणून नवी नोकरी शोधताना तो नेहमी मागे पडतो. याला माझ्याकडे उपाय नाही.

राहिला तरुणांचा प्रश्न, आणि तेथे आपण मला खरोखर अडवले आहे. ‘आवड बदलली तर क्षेत्र बदलायला घाबरू नका’ हे माझ्या लेखातले वाक्य आपल्या प्रतिक्रियेनंतर मला बेजबाबदार वाटू लागले, कारण त्यात केव्हा बदलावे याचा शब्दही नाही. कंटाळा बहुधा पहिल्या दोन वर्षांतच येतो, म्हणजे आपल्या निर्णयांची फळे दिसू लागण्याच्या नेमके आधी. ते वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि त्या जागी खरेदी विभागातला करार सविस्तर लिहिला आहे, त्यात सुट्या भागांच्या दरांची ती अटही आली आहे. आपण तो भाग वाचावा आणि त्यात काही सारवासारव दिसली तर पुन्हा लिहावे, ही विनंती.