खांब का हलत नाही

गणपती जवळ आले की तोच वाद. 2011 पासून रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग, त्यावरचे खड्डे, आणि नव्या काँक्रिटच्या मधोमध उभ्या विजेच्या खांबाचा फोटो. खाली हमखास प्रश्न: ‘एक खांब हलवायला इतके महिने? तो समन्वय अधिकारी पगार कशाचा घेतो?’ पुढाऱ्यांना, ठेकेदाराला हवं ते बोला. पण खांब-पाइप हलवण्यासाठी खात्याखात्यांत ताळमेळ बसवणाऱ्या या माणसावर तोंडसुख घेतलेलं पाहिलं की इथे रॉटरडॅममध्ये बसून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

खांब हलतो कसा? आधी महावितरण, महामार्ग विभाग आणि ठेकेदार यांची संयुक्त पाहणी, साखळी क्रमांकाप्रमाणे, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराच्या खुणांप्रमाणे, यादी. मग अंदाजपत्रक, मंजुरी, पैशांचा भरणा. नवा खांब संपादित जागेच्या कडेला जातो. तिथला मोबदला अडकला असेल तर बागायतदार खड्डा मारू देत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. नऊ मीटरचा खांब दीड मीटर गाडायचा, जांभ्यात ब्रेकरशिवाय तो खड्डा होत नाही. तारा ओढून विद्युत निरीक्षकांची तपासणी झाली की जोडणीसाठी शटडाऊन हवा, म्हणजे वीज बंद. त्याच फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, गावाची नळपाणी योजना आणि बंदरावरचा बर्फाचा कारखाना असतो. ऐन मासळीत कारखाना दिवसभर कोण बंद ठेवेल? तारीख पुढे जाते, जून उजाडतो, हायड्रा क्रेन भातखाचरात रुतते, काम दिवाळीवर जातं.

समन्वयकाकडे ना सहीचा अधिकार, ना पैसा. त्याच्या नावावर फक्त तारीख असते. वीजवाले म्हणतात आधी गटार करा, ठेकेदार म्हणतो आधी खांब काढा, आणि इतिवृत्तात लिहिलं जातं ‘तात्काळ कार्यवाही करावी’. पाण्याच्या लाइनीचा तर नकाशाच नसतो. व्हॉल्व्ह कुठे, बेंड कुठे, हे फक्त पाणी सोडणाऱ्याला ठाऊक. त्याला न विचारता जेसीबी लावला की पाइप फुटतो आणि सरपंचांचा फोन समन्वयकाला येतो.

इथे नेदरलँड्समध्ये खोदाईआधी ‘क्लिक’ या नोंदणी यंत्रणेला कळवलं की सगळ्या केबल-पाइपांचे नकाशे हातात पडतात, वीस कामकाजी दिवसांत खोदाई सुरू करायची. तरी आधी हाताने चर खणून बघतातच, कारण नकाशाही चुकतो. बाऊफाकमध्ये, म्हणजे बांधकामवाल्यांच्या उन्हाळी सुट्टीत, तीन आठवडे बरीच बांधकामं थांबतात, कुणी ब्र काढत नाही. तिकडे मात्र एका माणसाने पावसाळाही थोपवावा अशी अपेक्षा.

‘तिथे बसून शिकवू नका’ हे उत्तर येणारच. तो रस्ता आता माझ्या रोजच्या वाटेवरचा नाही, हे खरं. पण इथल्या रिंगरोडवर काम कुठे चालू आहे हे मला सांगता येणार नाही. संगमेश्वरच्या पुढे कुठली बाजू अजून कच्ची आहे ते येईल. गप्प बसवत नाही ते त्यामुळेच.

शिफ्टिंगच्या यादीत प्रत्येक खांबापुढे दोन रकाने वाढवा: काम कुठल्या कार्यालयात अडलंय, आणि कुठल्या तारखेपासून. ती यादी तालुक्यातालुक्यात लावा. मग खुशाल फोटो टाका आणि त्या कार्यालयाला जाब विचारा.