साप शे का भो?

बांधावर गुडघे टेकून कॅमेरा खाली नेला रे नेला, की मागं मोटरसायकल थांबलीच म्हणून समजा. "काय शे भो? साप शे का?" नाही हो, साप नाही. कपाशीच्या पानावर मावा कीड आहे आणि ती खायला ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, आलाय. "मंग पंचनामा कराले उनात का?" नाही! गळ्यात कॅमेरा दिसला की कुणाला मी पीकविम्याचा माणूस वाटतो, कुणाला रस्त्याच्या मोजणीचा. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट येणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर असतो. श्वास रोखून तो जुळवावा, आणि नेमकी तेव्हाच चौकशी करणाऱ्याची सावली पानावर पडते. ढालकिडा भुर्र.

खरं सांगितलं तर अजूनच पंचाईत. "आठे काय शे फोटो काढासारखं? तोरणमाळले जा ना!" जणू निसर्ग फक्त तोरणमाळ आणि पाटणादेवीलाच भाड्यानं राहतो. अहो, १८८४ नंतर नामशेष झाला असं धरून चाललेला रानपिंगळा, म्हणजे छोटं रानघुबड, १९९७ साली पुन्हा दिसला तो आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळ! पण हे ऐकायला थांबतो कोण? तोवर स्वारी गाडीला टेकून, गॉगल लावून उभी. "मना एक फोटू काढ, व्हॉट्सॲपले धाडजो." काढतो बापडा. वर पुन्हा ऐकायचं, की एवढा मोठा कॅमेरा, आणि मी काळा कसा आलो?