हॅरिएट टबमन असं म्हणाल्याच नव्हत्या

"मी हजार गुलाम मुक्त केले, आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं तर आणखी हजार केले असते." अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात गुलाम असलेल्या, तिथून पळून पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या नावाने फिरणारा हा फॉरवर्ड आता भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात शिरलाय. सोबत सुटकेच्या १९ फेऱ्या, सोडवलेली ३०० माणसं, त्यांना पकडण्यासाठी ४०,००० डॉलरचं इनाम आहेच.

आकडे आधी उरकतो. १९ आणि ३०० हे साराह ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या टबमन यांच्या १८६९च्या चरित्रातले. टबमन स्वतः १८५८-५९च्या सभांत आठ-नऊ फेऱ्या, पन्नास-साठ माणसं एवढंच सांगत. इतिहासकार केट क्लिफर्ड लार्सन यांनी कागदपत्रं तपासून काढलेला हिशेब सुमारे १३ फेऱ्या आणि ७० माणसांचा. इनामाची खरी जाहिरात ऑक्टोबर १८४९ची: टबमन आणि दोन भाऊ, राज्याबाहेर सापडले तर प्रत्येकी १०० डॉलर. लिंकनच्या मारेकऱ्यावर ५०,००० होते, म्हणजे बघा!

आता ते वाक्य. त्यांच्या हयातीतल्या एकाही मुलाखतीत किंवा पत्रात ते नाही. वर, गुलामांनाच अडाणी ठरवतं. मेरीलँडच्या मळ्यावर आपण कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. बहिणी डोळ्यांदेखत विकल्या जात होत्या. नड होती ती वेगळीच. पळालेल्या गुलामांना कुठूनही पकडून परत नेऊ देणाऱ्या १८५०च्या कायद्यानंतर गुलामगिरी नसलेलं उत्तरेतलं फिलाडेल्फियाही सुरक्षित राहिलं नाही, थेट कॅनडातलं सेंट कॅथरिन्स गाठावं लागे. म्हणून लांब रात्रींचा हिवाळा निवडायचा. निघायचं शनिवारी रात्री, कारण फरारीची जाहिरात सोमवारपर्यंत छापता येत नसे. तान्ह्या बाळांना अफूचे थेंब द्यायचे. एक रडलं तर सगळे पकडले जाणार. आणि पैसा! १८६०च्या अखेरीस त्या बहीण रेचलसाठी गेल्या, तर ती आधीच वारली होती. तिच्या दोन मुलांना काढायला ३० डॉलर लाच लागणार होती. तेवढे पैसे नव्हते, मुलं मागेच राहिली. यात 'कळलं असतं तर' कुठे बसवणार?

'हजार'मध्ये थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. जून १८६३मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कॉम्बाही नदीवरच्या, यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैन्याच्या मोहिमेत त्या वाटाड्या होत्या आणि ७०० हून अधिक लोक सुटले. पण तिथे घडलं काय? बोटी दिसताच लोक शिजत्या भातासकट, डुकरं पिशवीत घालून धावले आणि होड्यांच्या कडा सोडेनात. आपण गुलाम आहोत हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

भाचीला एवढंच सांगेन: मराठी भाषणात जोड हवीच असेल, तर जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली, ते सांग. ती अर्पणपत्रिका छापील आहे.