प्रश्नावलीच्या पुढचं काय?
मोठ्या माणसांतल्या स्वमग्नतेवरच्या (ऑटिझमवरच्या) लेखात म्हटलंय, प्रश्नावलीत गुण जास्त आले की स्वमग्नता आहे असं समजा. इतकं सोपं नाही हो. केंब्रिजची ती ५० प्रश्नांची एक्यू चाचणी (२००१), म्हणजे स्वमग्नतेच्या खुणा मोजणारी प्रश्नावली, निदान करत नाही, पुढं तपासावं का एवढंच सांगते. आमच्या परभणीकडं वरातीतला डीजे सोसवेना म्हणून गच्चीवर जाऊन बसलं की 'माणूसघाणी' म्हणतात, तपासायचा विषयच संपला. निदानासाठी लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, म्हणून पस्तिशीत मी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "तुझा बाप काय येगळा होता?" आता घ्या! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण मोठ्या माणसाला तपासणारा तज्ज्ञ कुठं गाठायचा, हे लेखात लिहायला हवं होतं.